काजमावशींचे सोळा दात

कोटाची काजं मशीनवर करणं म्हणजे कापडाचा अपमान, असं काजमावशींचं ठाम मत होतं, आणि ते खोडून काढायची शिवणकारखान्यात कुणाची टाप नव्हती. खुद्द कारखाना चालवणाऱ्या मास्तरांचीही नाही. एकतीस वर्षं त्या खिडकीजवळच्या त्याच स्टुलावर बसून बटणाच्या भोकांभोवती रेशमी टाके घालत आल्या होत्या. पद्धतही तीच. दोऱ्याचं टोक जिभेवर ओलं करायचं, ओठांत दाबून टोकदार करायचं, सुईच्या नेढ्यात घालायचं आणि काज पुरं झालं की उरलेला दोरा पुढच्या दातांनी कट्कन तोडायचा. हाताशी कात्री टांगलेली असे, ती शोभेला.

एका सकाळी दोरा नेढ्यात जाईना. टोक पिंजलेलं ते पिंजलेलंच राही. मावशींनी आधी दोरेवाल्याचा उद्धार केला, मग सुया बदलल्या, मग दोनदा चष्म्याचा नंबर बदलून आणला. आपल्या तोंडातली ओल आटली असेल हे त्यांच्या डोक्यातसुद्धा आलं नाही. तोंडावर कोण संशय घेतो?

पुढे कोरडं बिस्कीट टाळूला चिकटून बसायला लागलं. बोलता बोलता जीभ अडकायला लागली आणि मास्तरांना फैलावर घेतानाच शब्द सुटेनात, तेव्हा मात्र मावशी हबकल्या. त्यांनी आपल्यापुरता इलाज शोधला. बटणांचा पत्र्याचा डबा रिकामा करून त्यात आंबटगोड गोळ्या भरल्या आणि सकाळपासून संध्याकाळपर्यंत एक संपली की दुसरी गालात ठेवायला सुरुवात केली. तोंड तेवढ्यापुरतं बरं वाटायचं. दोन वर्षांत दात मात्र हिरडीपाशी एकामागून एक काळे पडले आणि त्यांचे तुकडे उडायला लागले.

पहिल्या दंतवैद्याने दोन मिनिटं तोंडात डोकावून निकाल देऊन टाकला. "एकोणीस उरलेत. सगळे काढू आणि कवळी बसवू. गुरुवारी या."

घरी नणंदबाईंना आनंद झाला. त्यांची स्वतःची कवळी होती आणि तिचा त्यांना फार अभिमान. "अगं वहिनी, सुटशील एकदाची! मला बघ, आठ वर्षं दाढदुखी ठाऊक नाही," असं म्हणून त्यांनी कवळी काढून दाखवलीसुद्धा, तीही जेवणाच्या टेबलावर.

"वन्सं, आधी ती आत घाला," मावशी म्हणाल्या आणि खोलीत जाऊन दार लावून रडल्या. आपले दात आपल्याला हवे होते. त्यात लाज कसली? पण रडतानाही डोळ्यांत टिपूस येईना, नुसती वाळू गेल्यासारखी आग झाली.

बुधवारी मास्तरांनी त्यांचा चेहरा वाचला. मावशींनी सगळं सांगितलं. मास्तर टेप गळ्यात अडकवत म्हणाले, "मावशी, एक काज फसकलं तर तुम्ही अख्खा कोट फेकून देता का? कोपऱ्यावर ती नवी दातांची डॉक्टर आलीय. उद्याच्या आधी तिला दाखवा. सुट्टी दिली, जा."

डॉक्टर वयाने मावशींच्या लेकीएवढी. तिने छोटा आरसा तोंडात घातला आणि बाहेर काढायला गेली, तर तो गालाला आतून चिकटला. तिने भुवया उंचावल्या. मग दात बाजूलाच राहिले आणि प्रश्न सुरू झाले. बिस्कीट पाण्याशिवाय उतरतं का? डोळे खुपतात का? गोळ्या चघळता का?

"दिवसभर," मावशी म्हणाल्या. "ओल राहते ना."

"साखरेच्या?"

"मग काय मिठाच्या?"

डॉक्टरने कपाळावर हात मारला. मग तिने आकडे कोरलेला एक छोटा पेला दिला आणि पंधरा मिनिटं तोंडात जमेल ते त्यात थुंकायला सांगितलं. रस्त्यावर थुंकणाऱ्याला जन्मभर फटकारत आलेल्या मावशी भिंतीकडे तोंड करून बसल्या. पंधरा मिनिटांनी पेल्याचा तळ जेमतेम ओला झाला होता. अर्धा मिलीलीटरसुद्धा नाही.

"इथेच घोडं अडलंय," डॉक्टर म्हणाली. "लाळ नुसती गिळायला नसते, मावशी. ती दात धुते, आम्ल मारते, दातांची झीज भरून काढते. तुमचे दात विनापहारा उभे आहेत, आणि वर तुम्ही त्यांना साखर चारलीत."

"मग काढायचे?"

"आणि कवळी कशावर बसेल? तीही लाळेच्याच आधाराने चिकटते. कोरड्या तोंडात नुसती घासत राहील, हिरड्या सोलवटतील. तीन दात गेलेत, ते काढावेच लागतील. उरलेले सोळा. एक वर्ष मी सांगेन तसं वागा. तेवढ्यात ते टिकले तर टिकले."

रक्ततपासणी झाली, डोळ्यांच्या कडेला कागदाची पट्टी लावून आसवं मोजली, खालच्या ओठातून कणभर तुकडा काढून तपासायला पाठवला. तिने ज्यांच्याकडे पाठवलं त्या मोठ्या डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं, शोग्रेन. शरीर आपल्याच लाळेच्या आणि आसवांच्या ग्रंथींना परकं समजून त्यांच्यावर उठतं. मुळासकट जाणारा आजार नव्हे, पण काही ग्रंथी अजून शाबूत होत्या, आणि त्यांना कामाला लावणाऱ्या गोळ्या मिळाल्या.

मावशींनी ते वर्ष नेटाने काढलं. पत्र्याच्या डब्यात पुन्हा बटणं आली. फ्लोराइडची जास्त ताकदीची पेस्ट दोन वेळा, वर चूळ भरायची नाही. दर तीन महिन्यांनी दातांवर औषधी लेप. दर घटकेला पाण्याचा घोट, आणि लाळ सुटावी म्हणून बिनसाखरेचं च्युइंगम. ज्या बाईने कारखान्यातल्या पोरींना च्युइंगम चघळण्यावरून सळो की पळो करून सोडलं होतं, ती आता दिवसभर जबडा हलवत बसे.

"मावशी, तोंड चालूच?" पोरी विचारत.

"डॉक्टरने कामाला लावलंय. तुम्हीही लागा आपल्या."

गोळ्यांनी घाम इतका यायचा की मावशी ऐन थंडीत हातपंख्याने वारा घेत. नणंदबाईंनी नाक मुरडलं, "एवढा खटाटोप कशाला?" मावशींनी ब्रशवर पेस्ट घेतली. रात्रीचं घासणं त्यांनी एकदाही चुकवलं नाही, तापातसुद्धा.

वर्ष भरलं. मावशी खुर्चीत बसल्या. डॉक्टरने एकेक दात टोकरला, क्ष-किरणांच्या नव्या आणि जुन्या फिल्म शेजारी शेजारी धरल्या, मग पुन्हा मोजले. या वेळी आरसा गालाला चिकटला नाही. पेला दिला, पंधरा मिनिटं गेली. लाळ दोन मिलीलीटरच्या रेघेच्याही थोडी वर.

"सोळाच्या सोळा," डॉक्टर म्हणाली. "एकही नवी कीड नाही. हे तुमचं काम आहे, मावशी, माझं नाही."

 मावशींच्या डोळ्यांच्या कडा ओलसर झाल्या, आणि त्या त्यांनी पुसल्या नाहीत. तेवढ्यात त्यांची नजर डॉक्टरच्या पांढऱ्या कोटावर गेली. दुसरं बटण एका धाग्यावर लोंबत होतं.

"हे असलं अंगावर घालून फिरतेस? ये इकडे."

पदराच्या कडेला खोचलेली सुई निघाली. पिशवीतून पांढरा दोरा निघाला. मावशींनी सवयीने टोक जिभेवर ठेवलं, ओठांत दाबलं आणि उजेडाकडे धरलं. टोक ओलं होतं, टोकदार होतं. पहिल्याच फटक्यात दोरा नेढ्यातून आरपार गेला. त्या त्याच्याकडे बघत राहिल्या. मग चार टाक्यांत बटण पक्कं करून, गाठ मारून त्यांनी मान खाली घातली आणि दोरा तोडायला दातांत धरला.

"मावशी! दातांनी नाही!" डॉक्टर ओरडली.

मावशींनी दोरा सोडला, कात्रीसाठी हात पुढे केला आणि सोळाही दात दाखवत खो खो हसल्या.