उभे नाईक आणि दोन बोटी

नाईकांना बसलेलं पाहिलंय असं सांगणारा माणूस अख्ख्या गोरेगावात सापडला नसता. चहा उभ्यानं, विडी उभ्यानं, आणि पंचायतीच्या बैठकीलासुद्धा हे दाराच्या चौकटीला खांदा लावून उभे. कुणी सतरंजीवर सरकून जागा केली की म्हणायचे, "बसंन की, काय घाई हाय," आणि तेवढ्यात अंगणात पोचलेले असायचे. गावाबाहेरच्या बंजारा तांड्याचे ते प्रमुख म्हणून नाईक. पण गाव त्यांना उभे नाईकच म्हणायचं, तेही तोंडावर. त्यांना राग यायचा नाही. रागवायला माणसानं जरा एका जागी थांबायला तरी हवं!

मी त्यांची भाडेकरू. शाळेवर नेमणूक झाली तेव्हा हिंगोलीहून एक ट्रंक आणि एक वळकटी घेऊन मी आले आणि गावात खोली शोधायला लागले. लोक खोली दाखवायचे, मग आडनाव विचारायचे, आणि ते ऐकलं की नेमके त्यांच्याकडे पाहुणे यायचे असायचे. माझं डोकं असं भडकलं होतं की ज्या जीपनं आले त्याच जीपनं परत निघाले होते. जीपवाल्यालाच दया आली आणि त्यानं मला तांड्यावर नाईकांच्या दारात आणून सोडलं. नाईकांनी आडनाव विचारलं नाही. विहिरीपर्यंत जाऊन या, म्हणाले. मी तणतणत गेले, तणतणत आले. "पाय सरळ पडत्यात. देऊ खोली," एवढंच म्हणून ते निघूनही गेले. म्हणजे मला चालवून बघितलं होतं, बैलासारखं. त्यांची बायको, जिला सगळा तांडा याडी म्हणजे आई म्हणायचा, पदर तोंडाला लावून हसत होती. त्या हसण्यावरच मी वळकटी आत नेली.

नाईकांचा धंदाच बैलांचा. त्यांचा आजा बैलांच्या पाठीवर कोकणातून मीठ आणायचा. नातू बैलच विकायला लागला. आज हा बाजार, उद्या तो बाजार, आणि रुमालाखाली बोटं धरून सौदे. एक नियम त्यांनी जन्मात मोडला नाही. बैल कितीही देखणा असो, दुसरा त्याच्या शेजारी उभा केल्याशिवाय दाव्याला हात लावायचा नाही. "एकटं जनावर कुणालाबी चांगलंच दिसतंय," ते म्हणायचे. "शेजारी दुसरं आलं की खोट उघडी पडती." हाच नियम घरात. घागर घ्यायची तर दोन घागरी शेजारी, छत्री घ्यायची तर दोन्ही उघडून. एकदा सेनगावच्या बाजारात एका पायात एक आणि दुसऱ्या पायात दुसरी चप्पल घालून हे बाजारभर फिरले. मागे दुकानदार, त्याच्या मागे गर्दी. शेवटी अनवाणीच परत आले.

बहात्तरच्या दुष्काळात दावणी रिकाम्या झाल्या आणि बैलांचा धंदा बसला. नाईक काही बसले नाहीत. बाजार नसला तरी सकाळी फेटा गुंडाळायचा, रस्त्यापर्यंत जायचं, जाणारी-येणारी जीप बघायची, परत यायचं आणि पुन्हा निघायचं. त्यांच्या येरझाऱ्यांनी माझ्या जिवाची नुसती घालमेल व्हायची. याडी चुलीपुढून बघत राहायच्या. लग्न झाल्यापासून त्या बाईनं नवऱ्याची पाठच जास्त पाहिली होती.

दुष्काळ सरल्यावरच्या दिवाळीत माझा दादा तांड्यावर आला. तो मुंबईला गोदीत कामाला. जेवताना त्यानं मुंबईहून पणजीला जाणाऱ्या दोन बोटींचं वर्णन केलं. एक जुनी, रुंद, समुद्रात कमी हलणारी. दुसरी नवी, पांढरीशुभ्र, आत पंखे आणि चहाचं हॉटेल. नाईकांचे कान टवकारले. याडींनी मात्र एकच विचारलं, मधेच उतरता येतं का. दादा म्हणाला, बोट मधली बंदरं घेते, पण आपलं तिकीट पणजीचं असलं की दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत आतच. याडींनी हेच पुन्हा एकदा विचारून खात्री करून घेतली.

दुसऱ्या दिवशी विहिरीवर त्या मला म्हणाल्या, "बाई, समुद्राचं मला काय करायचंय? पर एक दिस न् एक रात हे माझ्याजवळ बसतील. उठून जातील कुठं? चारी अंगांनी पाणी."

मी घागर तशीच धरून उभी राहिले. मला त्या क्षणी त्या बाईची फार माया आली.

उन्हाळ्याच्या सुट्टीत बोटीनं जायचं, असं याडींनी नवऱ्याकडून कबूल करून घेतलं. आयुष्यात त्यांनी एवढीच एक गोष्ट मागितली होती, त्यामुळे नाईकांना नाही म्हणता येईना. पण कोणत्या बोटीनं? झालं! सगळा हिवाळा त्यात गेला. गोठ्याच्या भिंतीवर कोळशानं दोन बोटी शेजारी-शेजारी काढल्या. रजेवर आलेला शिपाई, हिंगोलीचा कंपाउंडर, एसटीचा कंडक्टर, जो भेटेल त्याला हे बोटीचं विचारायचे. आणि ज्यांनी समुद्र चित्रातच पाहिला होता तेही छातीठोक सांगायचे. मग नाईक कोळसा घेऊन एकीचं नाक लांबवायचे, दुसरीला खिडक्या पाडायचे. नवी चपळ, पण अंगात जुनीइतकी रग असेल का? जुनी दमदार, पण वयानं थकली तर? एक दिवस मी वैतागून म्हटलं, काका, दोन्ही पणजीलाच जातात. "व्हय. बैलबी दोन्ही शेतातच जात्यात," ते म्हणाले आणि जीपवाल्याला गाठायला निघाले.

मे महिन्यात आम्ही तिघं निघालो. हिंगोलीहून पूर्णा, पूर्णेहून मनमाड, तिथं गाडी बदलून मुंबई. नाईक सगळी वाट डब्याच्या दारात उभे. याडी मात्र निवांत. त्यांची सगळी भिस्त बोटीवर होती.

भाऊच्या धक्क्यावर नवी पांढरी बोट लागली होती. दादानं तिची तिकिटं काढून ठेवली होती. नाईकांनी बोटीला शिंगापासून शेपटापर्यंत न्याहाळलं आणि दुसरी कुठंय म्हणून विचारलं. दादानं सांगितलं, ती पणजीला आहे, उद्या इथं येईल. ही इकडून निघते तेव्हा ती तिकडून निघते, दोघी एका धक्क्याला कधीच नसतात. नाईकांचा चेहरा असा उतरला की मला हसूही येईना. एवढा हिवाळाभर विचार केला, आणि हे कुणीच सांगितलं नव्हतं.

"मंग लोक निवडत्यात कसं?" त्यांनी विचारलं.

"निवडत नाहीत काका," दादा म्हणाला. "ज्या दिवशी जायचं, त्या दिवशीची बोट."

असली निवड त्यांच्या पचनी पडणारी नव्हती. तोवर वर जागा धरायला झुंबड उडाली होती. हमाल ट्रंका टाकत होते, लोक चादरी अंथरत होते. याडींनीही वाकळ अंथरली, अर्ध्या भागावर आपण बसल्या आणि अर्धा भाग हातानं झटकून रिकामा ठेवला. नाईक बोटीवर चढायच्या फळीच्या तोंडाशी तिकीट हातात घेऊन उभे होते. तिथूनच मला म्हणाले, "मागच्या अंगानं बघून आलोच." धक्क्याच्या टोकाला एक खलाशी दोर गुंडाळत होता, त्याला यांनी गाठलं. जुन्या बोटीचं विचारत असणार, दुसरं काय! भोंगा वाजला. दादा खालून हाका मारत धावला. नाईकांनी हात वर करून थांब अशी खूण केली, जीपवाल्याला करतात तशी. फळी निघाली आणि बोट हलली.

मी कठड्याशी ओरडत होते, रडत होते, चिडले तर इतकी होते की विचारू नका. याडी जागेवरून उठल्या नाहीत. धक्क्यावरचा फेटा लहान होत गेला, तोही त्यांनी बसल्या जागेवरूनच पाहिला. कुणीही येऊन वाकळेच्या मोकळ्या भागाकडे बोट दाखवलं की म्हणायच्या, "मानूस येऊन राहिलंय." पणजी येईपर्यंत त्या तेच सांगत होत्या. त्या जागेवर त्यांनी मलाही टेकू दिलं नाही.

दादानं दुसऱ्या दिवशी नाईकांना जुन्या बोटीत बसवून दिलं. आम्ही पणजीच्या धक्क्यावर वाट बघत होतो. उतरले ते फुललेल्या चेहऱ्यानं, आणि पहिलं वाक्य काय, तर ही बोट हत्तीसारखी चालते, तुमची काय तशी चालली नसेल. याडींनी फक्त विचारलं, "बसायला जागा गावली का?"

"बसतंय कोण," नाईक म्हणाले. "या टोकाहून त्या टोकापर्यंत नुसता फिरत होतो. लई मोठी हाय."

याडींनी मान हलवली. चारी अंगांनी पाणी असून भागत नाही, हे त्यांना तेव्हा समजलं. परतीला पावसाळा तोंडावर आला होता, बोटींची तिकिटं मिळेनात. एसटी बदलत बदलत आम्ही घरी आलो. पुढच्या वर्षी दोघं मिळून एकाच बोटीनं जाऊ, असं नाईक सगळ्या वाटेवर म्हणत होते. खरंच म्हणत होते. पण पुढच्या वर्षी कोणत्या बोटीनं, हे ठरलं नाही आणि त्याच्या पुढच्याही वर्षी नाही.

एक गोष्ट मात्र घडली. एकदा भाकरी थापता थापता याडी म्हणाल्या, माझ्या बोटीचा चहा काय फक्कड होता. दारातून निघालेले नाईक मागे फिरले. चहाचं सोड, चाल बघ, असं म्हणत ते चक्क उंबऱ्यावर टेकले. मी खोलीतून बघतच राहिले. तांड्यात कुणाला सांगितलं असतं तर खरं वाटलं नसतं. याडींना युक्ती सापडली. नाईकांचे पाय वळवळायला लागले की त्या बोटीचं काढायच्या. एकीनं एक बोट पाहिलेली, दुसऱ्यानं दुसरी. भांडण मिटणार कसं? ती म्हणायची पंखे, हा म्हणायचा दम. हा म्हणायचा रुंदी, ती म्हणायची रंग. भाकऱ्या होईपर्यंत माणूस बसून राहायचा. याडींचं तोंड रागाचं असायचं आणि डोळे हसायचे.

पुढे माझी बदली शिरड शहापूरला झाली. एका रविवारी गोरेगावचा ओळखीचा माणूस बाजारात भेटला, त्यानं सांगितलं, नाईकांना लकवा झालाय. मी तशीच एसटी पकडली. उभे नाईक अंगणात बाजेवर आडवे होते. उजवं अंग गेलेलं, बोलणं जड. याडी बाजेला लागून बसल्या होत्या, नाईकांचा तो लुळा हात त्यांच्या हातात होता. मला बघून याडींच्या डोळ्यांना धार लागली. "बसले बघा, बाई," त्या म्हणाल्या. "पर मला आसं न्हवतं पायजे."

मी बाजेच्या पायथ्याशी बसले. थोड्या वेळानं याडींनी डोळे पुसले, नवऱ्याच्या कानाजवळ वाकल्या आणि नेहमीच्या तोऱ्यात म्हणाल्या, "कायबी म्हना, माझीच बोट चांगली होती."

आम्ही दोघी त्यांच्या तोंडाकडे बघत राहिलो. नाईकांनी ओठ हलवले, बराच वेळ शब्द जुळवला.

"व्हय," ते म्हणाले. "तुझीच चांगली."

याडींनी माझ्याकडे पाहिलं. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता. हात न सोडता त्या मला हळूच म्हणाल्या, "बाई, आता हे काही राहत न्हाईत."