प्लास्टिकमधलं लायसन्स

"हे कुठे छापलंस? उल्हासनगरला? कॅम्प दोन?"

फ्लाइंग क्लबच्या कॅप्टनसाहेबांनी माझं पायलटचं लायसन्स दोन बोटांत धरून ट्यूबलाइटसमोर नेलं. उल्हासनगर म्हणजे डुप्लिकेट माल, त्यामुळे अख्खं ऑफिस हसलं. मीही हसलो. सवयच. साहेब हसले की आपण हसायचं.

आता माझा गाढवपणा ऐका. आम्ही बदलापूर गावातले आगरी. पुराचं पाणी घरात शिरतं, म्हणून सातबारा, जातीचा दाखला, सगळं प्लास्टिकमध्ये. खरवईचं शेत विकून परदेशात शिकलो, लायसन्स घेऊन आलो, तर आई म्हणाली, "पान्यान भिजल रं, पलास्टिक लावून घे." गेलो कॅम्प दोनला. दुकानदार सिंधी अंकल मशीनमधून काढून देताना म्हणाले, "अब सौ साल टिकेगा, कॅप्टन!" टिकलं. फक्त खाली माझी सही राहिली होती, आणि आता प्लास्टिकवर पेन चालेना. विमान उतरवतो, सही विसरतो. असला पायलट.

परदेशी लायसन्स इथे तसंच चालत नाही. तिथल्या विमान खात्याने 'खरं आहे' असं पत्र पाठवायचं, आपण इथल्या परीक्षा द्यायच्या, अशा क्लबात उडवून दाखवायचं, मग देशी लायसन्स. परीक्षा मी पास. पत्र फाइलीत. साहेबांनी ते पाहिलंच नाही. पत्ता मात्र दोनदा वाचला.

शेजारी त्यांच्या मित्राचा मुलगा. परदेशात आम्ही एकाच फ्लाइंग स्कूलमध्ये, परीक्षकही एकच. त्याच्याही लायसन्सवर स्वतःची सही नव्हती. साहेबांनी पेन पुढे केलं. "कर, बेटा." आणि मला, "तू ओरिजिनल माल घेऊन ये. मग उडू."

माझं हसू तिथेच संपलं.

"सर, मला नाकारताय ते लेखी द्या. आणि याच्या फाइलीवरही तेच लिहा."

"लेखी? कोण रे तू?"

"बदलापूर गावचा. दोनदा वाचलंत ना."

लेखी मिळालं नाही. बाहेर क्लार्क कानाशी आला, "ठाण्याचा पत्ता टाक. पटकन होईल." स्वतःहून आला की पाठवलेला? मला अजून माहीत नाही. पण तेव्हापासून पोच घेतल्याशिवाय मी एक चिठोराही कुणाच्या हातात देत नाही.

चूक माझी होती, ती मी निस्तरतोय. नवं लायसन्स मागवलंय. पत्ता तोच, घर नंबरासकट. सही त्यांच्याच टेबलावर करणार. माझ्या पेनाने. शाई वाळेपर्यंत तिथून उठणार नाही.