रविवार म्हणजे शून्य

पहिल्याच दिवशी त्या पोरगेल्या प्रशिक्षकाने सांगितलं, "इथे कोणी कोणाला शिकवत नाही. इथे आपण करून बघतो, चुकतो आणि त्यातून शिकतो." मी मनात म्हटलं, झालं! मग तू कशाला उभा आहेस रे बाबा पुढे? टाळ्या वाजवायला? बारा वर्षं पुण्यात अकरावी-बारावीला गणित शिकवलेली बाई मी. माझ्या वर्गात मी असं बोलले असते तर पालकांनी दुसऱ्याच दिवशी प्राचार्यांची खोली गाठली असती.

पण बोलते कोणाला! नवऱ्याच्या गाड्यांच्या कंपनीतल्या नोकरीपायी जर्मनीत वोल्फ्सबुर्गला येऊन नऊ वर्षं झाली होती. माझं बी.एड. इथल्या शाळांत चालत नाही. गेली चार वर्षं मी एका किटाच्या, म्हणजे बालवाडीच्या, स्वयंपाकघरात तीन-तीन वर्षांच्या पोरांना उकडलेले बटाटे वाढत होते. पोरं गोड होती, पण बटाटे वाढायला कलनशास्त्र लागत नाही. म्हणून वेब ॲप्लिकेशन बनवायला शिकवणारा हा बारा आठवड्यांचा कोर्स मिळाला, तेव्हा मी तो दोन्ही हातांनी धरला. शिवाय गावातल्या एका छोट्या कंपनीला आमच्या वर्गातून एक माणूस हवा होता. दातांच्या डॉक्टरांसाठी अपॉइंटमेंटचं सॉफ्टवेअर बनवणारी कंपनी. जागा एकच, आणि ती मला हवी होती. हवी म्हणजे काय, ती माझीच आहे असं मी धरून चालले होते.

रोज सकाळी नऊ वाजता सगळ्यांनी गोल उभं राहायचं. काल काय केलं, आज काय करणार, ते एकेकाने सांगायचं. शाळेची प्रार्थना बरी, निदान तिला चाल तरी असते. मग काचेवर रंगीत चिठ्ठ्या चिकटवायच्या. पन्नाशीची माणसं पिवळी चिठ्ठी डावीकडून उजवीकडे नेऊन चिकटवायची आणि प्रशिक्षक "सूऽपर!" म्हणायचा. काय पण पराक्रम!

आणि सगळं काम जोडीने. एकजण कीबोर्डवर बसणार, तो ड्रायव्हर. दुसरा शेजारी बसून काय लिहायचं ते सांगणार, तो नॅव्हिगेटर. दर पंचवीस मिनिटांनी जागा बदलायच्या. माझ्या जोडीला आले एक विमा कंपनीतून बाहेर पडलेले जर्मन गृहस्थ, वय चोपन्न. इस्त्रीचा शर्ट, डब्यात सोललेली गाजरं, आणि प्रत्येक वाक्याला "गेनाऊ". गेनाऊ म्हणजे अगदी बरोबर. हे गृहस्थ माझ्या प्रत्येक सूचनेला गेनाऊ म्हणायचे आणि टाइप मात्र स्वतःच्या मनातलं करायचे.

पहिल्या दिवशी कीबोर्ड माझ्याकडे आला होता. जर्मन कीबोर्डवर महिरपी कंस कुठे दडवून ठेवलाय ते मला सापडेना. एका हाताने एक कळ दाबून धरायची, दुसऱ्या हाताने सातच्या आकड्याची. मी शोधतेय, शोधतेय, आणि विमावाले शेजारी श्वास रोखून बसलेत. शेवटी ते अगदी मऊपणे म्हणाले, "द्या, मी पटकन करतो." आणि कीबोर्ड स्वतःकडे ओढला. मी ओढू दिला. त्यानंतर पंचवीस मिनिटं झाली की ते विचारायचे, "बदलायचं?" मी म्हणायचे, "राहू द्या, तुमचं चाललंय ते चालू द्या." मला ते बरंच होतं. उंटावरून शेळ्या हाकायच्या, आणि शेळी खड्ड्यात गेली तरी आपण उंटावर शाबूत.

तशी ही जागा मला नवी नव्हती. घरच्या गाडीत नऊ वर्षं मी ड्रायव्हरच्या शेजारीच बसलेय. नवरा गाड्या बनवणाऱ्यांतला, त्याला रस्ता कोण सांगणार? एकदा कोलोनला मित्राकडे जाताना त्याने हायवेवरचा फाटा सोडला. पाटी मला लांबूनच दिसली होती. आता वळेल, मग वळेल म्हणून मी बघत राहिले. नाही वळला. पाऊण तास फुकट गेला. मी म्हटलं, "मला वाटलंच होतं." मागच्या सीटवर आमची तेरा वर्षांची लेक हेडफोन काढून जर्मनमध्ये म्हणाली, "आलं. आलं ते वाक्य." तिला मराठी सगळं कळतं, बोलते मात्र जर्मनच. मी तिच्याकडे दुर्लक्ष केलं.

आमच्या जोडीला ॲप बनवायचं होतं ते इमारतीच्या तळघरातल्या वॉशिंग मशीनच्या पाळ्या लावायचं. भाडेकरूने दिवस आणि वेळ निवडायची, मशीन त्याच्या नावावर. रविवारी मात्र मशीन बंद. रविवार इथे शांततेचा दिवस. त्या दिवशी मशीन घरघरलं तर वरच्या मजल्यावरच्या आजीबाई थेट दारात उभ्या राहतात. म्हणजे रविवार बंद ठेवणं हेच त्या ॲपचं नाक.

आता गंमत अशी, की आम्ही जी भाषा वापरत होतो ती आठवड्याचे वार शून्यापासून मोजते. रविवार म्हणजे शून्य, सोमवार एक, शनिवार सहा. मी ते वाचलं होतं, वहीत लिहिलंही होतं. आमचं पुण्याचं कॅलेंडरही भिंतीवर रविवारपासूनच सुरू व्हायचं. विमावाल्यांनी लिहिलं, सहावा वार बंद. मी म्हटलं, "सहा नव्हे. रविवार शून्य." ते म्हणाले, "गेनाऊ. पण आमच्याकडे आठवडा सोमवारी सुरू होतो. सोमवार शून्य, म्हणजे रविवार सहा." अहो, तुमच्याकडे कुठे का सुरू होईना, कॉम्प्युटरला काय त्याचं! पण मी एकदाच सांगितलं आणि मूग गिळून गप्प बसले.

का बसले, ते इथे खरं लिहिते. वर्गात मी हेच करायचे. फळ्यावर मुलगा गणित सोडवत असायचा, तिसऱ्या पायरीला चिन्ह चुकायचा, आणि मी काही बोलायचे नाही. त्याला शेवटपर्यंत जाऊ द्यायचे. मग सगळ्या वर्गासमोर विचारायचे, "हं, कुठे माती खाल्लीस?" याला मी शिकवणं म्हणत होते. विमावाल्यांनाही मी शेवटपर्यंत जाऊ द्यायचं ठरवलं. तीन आठवडे रोज ती चुकीची ओळ माझ्या डोळ्यांसमोरून जायची आणि मला आतून गुदगुल्या व्हायच्या. पडू दे तोंडघशी. गेनाऊ!

शेवटच्या आठवड्यात, गुरुवारी सकाळी, प्रत्येक जोडीने आपलं काम मोठ्या पडद्यावर दाखवायचं होतं. त्या कंपनीच्या बाई आल्या होत्या. आखूड पांढरे केस, हातात स्वतःचा कॉफीचा मग. आमची पाळी आल्यावर त्यांनी माउस मागून घेतला. म्हणाल्या, "मी जरा वाईट वागणारी भाडेकरू होते. रविवारी सकाळी दहाला कपडे धुते." क्लिक. पडद्यावर हिरवी पट्टी उमटली, "मशीन तुमचं झालं! धुणं आनंदात होवो!" ते वाक्य विमावाल्यांनी हौसेने लिहिलं होतं. वर्ग खो खो हसला. बाईंनी शनिवार निवडला. लाल पट्टी, "हा शांततेचा दिवस."

विमावाल्यांची मान लाल झाली. मी हाताची घडी घालून बसले होते. चेहऱ्यावर काही दिसू दिलं नाही, पण मनात लाडू फुटत होते.

प्रशिक्षकाने पडद्यावर कोड उघडला. कोणती ओळ कोणी लिहिली हे दाखवणारी एक आज्ञा असते. ती दिली की प्रत्येक ओळीपुढे नाव येतं. त्या आज्ञेचं इंग्रजी नावच दोष देणं असं आहे. वरपासून खालपर्यंत सगळीकडे विमावाल्यांचं नाव. सहाच्या ओळीपुढेही त्यांचंच.

तेव्हा ते गृहस्थ उभे राहिले आणि म्हणाले, "चूक माझी आहे. यांनी मला सांगितलं होतं, रविवार शून्य. मी ऐकलं नाही."

बाई माझ्याकडे वळल्या. "तुम्हाला माहीत होतं?"

"हो," मी म्हटलं. मान ताठ. हाच तो क्षण असं मला वाटलं.

"कधीपासून?"

"तीन आठवड्यांपासून."

"आणि तीन आठवडे तुम्ही ते तसंच राहू दिलंत?" त्यांचा आवाज चढला नव्हता. त्यांना खरंच कळत नव्हतं. "आमच्याकडे असं झालं असतं तर दात ठणकणारा माणूस रविवारी बंद दवाखान्याच्या दारात उभा राहिला असता. आणि तुम्हाला ते माहीत असतं."

प्रशिक्षकाने तेवढ्यात दुसरी यादी उघडली, कोणाच्या नावावर किती काम आहे त्याची. माझ्या नावापुढे शून्य होतं. बारा आठवड्यांत एक ओळ नाही, एक स्वल्पविराम नाही. तो नरमाईने म्हणाला, "स्वतःचं काही लिहिल्याशिवाय मला प्रमाणपत्र देता येणार नाही. उद्या दुपारपर्यंत वेळ आहे. ही चूक तू दुरुस्त कर. तुझ्या हातांनी." ज्याला मी बारा आठवडे टाळ्या वाजवणारा म्हणून हसले, त्याने मला त्या दिवशी फळ्यापाशी बोलावलं.

संध्याकाळी जेवताना मी घरी सगळं सांगितलं. म्हणजे माझ्या बाजूने सांगितलं. त्या माणसाचा हेकटपणा, गेनाऊ, सोमवार, सगळं. नवरा म्हणाला, "जाऊ दे गं, असतात एकेक." लेक पावाला लोणी लावत होती. तिने सुरी खाली ठेवली आणि चक्क मराठीत बोलली. तिच्या त्या अडखळत्या मराठीत. "आई, तू वाट बघतेस. बाबा चुकायची. मी चुकायची पण."

तिने एवढं सांगायला मराठी शोधून आणली, याचंच मला जास्त लागलं. मी उठून भांडी घासायला घेतली. मशीनमध्ये लावायची भांडीसुद्धा हाताने घासली.

शुक्रवारी मी कीबोर्डवर बसले. विमावाले शेजारी, हात मांडीवर. मला वाटलं, आता हा सूड घेणार. घ्यायलाच हवा होता, मी असते तर घेतला असता. सहाच्या जागी शून्य करायचं, एवढंच तर काम. पण माझी अक्कल पाजळून मी आजूबाजूचंही नीटनेटकं करायला गेले, आणि अख्खं ॲप बंद पडलं. पडदा पांढरा. आणि त्याच क्षणी, मी शोधायला सुरुवातही केली नव्हती, तोच ते म्हणाले, "सत्ताविसावी ओळ. महिरपी कंस बंद करायचा राहिलाय." बोट कुठे ठेवायचं तेही दाखवलं, कीबोर्ड न ओढता.

प्रमाणपत्र मिळालं. माझ्या नावावर दोन गोष्टी लागल्या, एक शून्य आणि एक कंस.

सोमवारी विमावाल्यांचा फोन आला. त्या बाईंनी त्यांना घेतलं होतं. "माझ्या आधी तुम्हालाच विचारायला हवं होतं त्यांनी," असं काहीतरी ते पुटपुटत होते. मी अभिनंदन केलं. मला आनंद झाला असं लिहिलं तर ते खोटं होईल. माझा जळफळाट झाला. ज्याला सोमवार-रविवार कळत नाही त्याला जागा, आणि मला पुन्हा बटाटे! पण त्या बाईंच्या जागी मी असते तर मीही त्यालाच घेतलं असतं, हे मला कळत होतं, आणि ते कळणंच जास्त जळजळत होतं. मी अर्ज पाठवत राहिलेय. बटाटे चालू आहेत.

पुढच्याच महिन्यात आम्ही पुन्हा कोलोनला निघालो. तोच हायवे, तोच फाटा. नवरा ऑफिसातलं काहीतरी रंगवून सांगत होता, गाडी डावीकडच्या रांगेत. पाटी मला लांबूनच दिसली. माझे ओठ आपोआप मिटले. ती जुनी गुदगुली सुरू झाली, अगदी तीच. आरशात पाहिलं तर लेकीने हेडफोन काढले होते आणि ती माझ्याकडे बघत होती.

"अरे, फाटा! उजवीकडे घे, आत्ता!" मी ओरडले.

त्याने घेतली. "बरं झालं सांगितलंस," म्हणाला आणि पुन्हा ऑफिसचं सांगू लागला. लेकीने हेडफोन परत कानाला लावले. कोणी चुकलं नव्हतं. पुढे कोलोन येईपर्यंत मला बोलायला काही सुचलं नाही.