‘येईल’ नावाचा रकाना

पुण्याच्या प्रशिक्षणातून परतले तेव्हा माझ्या अंगात वारं शिरलं होतं. प्रकल्प व्यवस्थापन! कामाचे टप्पे पाडायचे, प्रत्येक टप्प्याला तारीख, प्रत्येक तारखेपुढे एक जबाबदार माणूस. मी पोलादपूरच्या एका वाचनालयाची ग्रंथपाल, महाडहून रोज एसटीने येणारी, तोंडाने फटकळ. आमची ग्रंथपडताळणी, म्हणजे एकेक पुस्तक हातात घेऊन यादीशी ताडून बघायचं काम, कितीतरी वर्षं रखडलेली. म्हटलं, आता दाखवतेच.

भिंतीवर तक्ता लावला, रंगीत चिठ्ठ्या चिकटवल्या. संगणकावर यादी केली, तिला दोन रकाने: ‘आहे’ आणि ‘गहाळ’. शेवटची तारीख ऑगस्टअखेर, कारण आमचे लिपिक काका त्याच दिवशी निवृत्त होणार होते. देवघेवीच्या टेबलावर उभी हयात काढलेला माणूस. एकही डाग न लागता मानानं घरी जावं, एवढीच त्यांची इच्छा.

काका तक्त्यापुढे बराच वेळ उभे राहिले. म्हणाले, “मॅडम, तारीख गणपतीनंतरची धरा. मे महिन्यात आलेले चाकरमानी पुस्तकं मुंबईला घेऊन गेलेत, ती गणपतीत येतील. नायतर तिसरा रकाना करा, ‘येईल’ म्हणून.”

माझं डोकंच फिरलं. “काका, आपल्याकडे मेलं प्रत्येक काम गणपतीनंतर! मुदत संपली आणि पुस्तक कपाटात नाही, म्हणजे गहाळ. नियम तो नियम.”

“कोणाकडं काय हाय ते मला ठावं हाय,” ते हळूच म्हणाले. मी ऐकलं न ऐकल्यासारखं केलं.

पडताळणी वेळेत संपली. एक्केचाळीस पुस्तकं गहाळ. यादी एका पानावर मावावी म्हणून मी पुस्तकांच्या नावांचा रकाना लपवून टाकला, फक्त दाखल क्रमांक ठेवले. समितीच्या बैठकीत काकांनी चष्मा लावून ते आकडे वरपासून खालपर्यंत वाचले, एका आकड्यावर जरा थांबले आणि सही केली. देवघेव काकांच्या ताब्यात, म्हणून एक्केचाळीस पुस्तकांचा ठपका त्यांच्यावर ठेवून समितीनं तिथल्या तिथे त्यांचा निरोप समारंभ रद्द केला. शेवटच्या दिवशी काका जेवणाचा डबा पिशवीत घालून आपल्या गावच्या, कापड्याच्या गाडीत बसले. ना शाल, ना श्रीफळ. मला वाईट वाटलं, पण अहवाल वेळेत गेल्याचं समाधानही होतं, खोटं कशाला बोलू?

सप्टेंबरात गणपती आले आणि दुसऱ्या दिवसापासून वाचनालयात रीघ लागली. कुणी कांदिवलीहून, कुणी दिव्याहून. पिशवीतून पुस्तक काढायचं, उशीर झाला म्हणून जीभ चावायची आणि विचारायचं, “काका नायत का?” उत्तर देता देता माझा जीव नकोसा झाला. अनंत चतुर्दशीपर्यंत चाळीस पुस्तकं परत आली. एक राहिलं.

तीच नुसत्या आकड्यांची यादी घेऊन मी कापड्याला गेले. काका पडवीत चिबूड कापत बसले होते. “या मॅडम, बसा. चिबूड खा.” मी चाळीस खुणा दाखवल्या, माफी मागितली. लाजेनं मान वर होत नव्हती. मग विचारलं, “काका, हे एकच कुठे गेलं हो?”

त्यांनी यादी हातातसुद्धा घेतली नाही.

“ते व्हय? ते तुमच्याकडंच हाय की. कामाचं नियोजन कसं करायचं, ते जाडं पुस्तक. तक्ता बनवायला घरी नेलंत, नोंद मागनं करते म्हणालात.”

घरी फ्रिजवर पडलं होतं ते, वर्तमानपत्रांखाली.

“अहो, मग सही करताना बोलला का नाहीत?”

“चार लोकांत तुमचं नाव कसं घेऊ? तुम्हाला अजून नोकरी करायची हाय. मी काय, चाललोच व्हतो.”

पुढच्या बैठकीत मी सगळ्यांत आधी ते पुस्तक टेबलावर ठेवलं आणि ते कोणाकडे होतं हे मोठ्यानं सांगितलं.