एकशेऐंशी रुपयांची नळी

खालापूरच्या कचेरीत पुकारा झाला, तेव्हा मी वाटेत टांग्याचं निखळलेलं चाक धरून उभा होतो. वकील, म्हणजे मी, हजर नाही म्हणून माझ्या पक्षकाराचा दावा काढून टाकला गेला. दावा त्याच्या भाताच्या खाचराचा. तो एवढंच म्हणाला, "वकीलसायेब, तुमी टांग्याम्होरं चालत आला आसतात तरी पोचला आसतात." दावा पुन्हा चालू करण्याचा अर्ज मी फुकट केला आणि त्या अर्जाच्या तारखेच्या आत फटफटी घ्यायचं ठरवलं.

मुंबईच्या दुकानात एकाच जातीच्या दोन फटफट्या होत्या, साधी आणि 'स्पोर्ट'. स्पोर्टला एकशेऐंशी रुपये जास्त. कशाचे? टाकी चकचकीत, हँडल खाली, वेग ताशी ऐंशी मैल. मी म्हटलं, आधी आमच्या रस्त्यावर चालवून दाखवा. रविवारी विक्रेता स्पोर्ट घेऊन कर्जतला माझ्या दारात हजर!

मी घड्याळ हातात धरून मागे बसलो. कर्जतच्या भिसेगावातल्या माझ्या घरापासून खालापूर पंचावन्न मिनिटं, पैकी अकरा मिनिटं रस्त्यातल्या म्हशींनी खाल्ली. वेगाचा काटा एकदा तिसावर गेला, तेव्हा विक्रेताच देवाचं नाव घेऊ लागला. खालापुरात उतरून मी सांगितलं, "साधी घेतो."

पण जाताना घोटाभर असलेला वाटेतला ओढा डोंगरात पाऊस झाल्याने परतताना गुडघाभर झाला होता. तिथेच महिन्यापूर्वी एका रेल्वे साहेबाची साधी फटफटी धुराच्या नळीत पाणी शिरून बंद पडली होती. चौघांनी ढकलून काढली, साहेब वर बसूनच होता. स्पोर्ट मात्र सरळ पार झाली. तिची नळी बाजूने वर वळवलेली होती.

"हे आधी का नाही सांगितलंत?"

"ती नळी होय? शोभेची आहे, साहेब."

घरी हे ऐकून बायको म्हणाली, "अहो, हातभर नळीचे एकशेऐंशी? शेजारी रेल्वेचा फिटर राहतो, तो दिवसभर करतो काय मग?"

फिटर म्हणाला, "आठ रुपये द्या, वकीलसाहेब. नळी तुमच्या कानापर्यंत आणून देतो."

साधी घेतली. त्याने वाकवलेली नळी रुसलेल्या बैलाच्या शेपटीसारखी दिसे, पण तारखेच्या दिवशी ओढ्यातून मी न थांबता निघालो. पाण्यात धोतर कमरेला खोचलं होतं, पलीकडे ते मोकळं सोडलं. कचेरीत पोचलो तेव्हा पुकाऱ्याला वीस मिनिटं होती.

पक्षकार धावत आला. "सायेब, येळेवर आलात ह्ये झ्याक झालं. पन तुमचं धोतार जळतंय!"

त्याच्याच तांब्यातलं पाणी ओतून विझवलं. वीतभर भोक मुठीत धरून मी बोललो. अर्ज मंजूर झाला. खाचराचा दावा पुन्हा उभा राहिला.

स्पोर्टच्या तापणाऱ्या नळीवर एक जाळीचा पत्रा होता. तो शोभेचा असेल म्हणून मी फिटरला सांगितलाच नव्हता. दुसऱ्या दिवशी त्याने बसवून दिला. दीड रुपया, आणि धोतर वेगळं.