तळाशी राखलेली चिमूट

खाडीतल्या त्या बेटावर दुकान नाही. काडेपेटी हवी असली तरी होडीत बसून डोंबिवलीचं रेतीबंदर गाठावं लागतं, तेही भरतीचं पाणी असेल तेव्हाच. म्हणून सगळ्या वस्तीचा बाजार जनीच करते. तिचा नवरा दामाजी होडी चालवतो, जनी दुकानात शिरते आणि पाणी ओसरायच्या आत दोघं माघारी. उशीर झाला तर होडी चिखलात बसते आणि मग दामाजीचं तोंड ऐकवत नाही.

काय आणायचं हे तिथे कुणी तोंडाने सांगत नाही. संपत आलेला डबा जनीच्या ओटीवर आणून ठेवायचा, तळाशी चिमूटभर जिन्नस राखून. चहा हवा तर चहाची चिमूट, हळद हवी तर हळदीची. झाकणाला ज्याच्या त्याच्या घराचा रंगीत दोरा. इतक्या वर्षांत जनीचं कधी चुकलं नाही, आणि हे ती स्वतःच चारचौघांत सांगते, दुसऱ्या कुणाला सांगायची संधी देत नाही.

त्या दिवशी दुकानाच्या फळीवर तिने पहिला डबा उघडला तर आत लख्ख. दुसरा उघडला, तोही तसाच. गोणीतले सगळे डबे घासूनपुसून चकचकीत, भांड्यांच्या साबणाचा वास येणारे. जनीने कपाळावर हात मारला. हा पराक्रम शिवानीचा, घरात दुसरं होतंच कोण!

शिवानी म्हणजे जनीच्या प्रणितची बायको, कल्याणच्या फ्लॅटमध्ये वाढलेली. लग्नाला जेमतेम महिना झालेला. ही पोर बेटावर टिकायची नाही, असं शेजारची कमळाबाई हळदीच्या दिवसापासून बोलत होती. जनी तिला वरवर झटकून टाकायची, पण मनातून घाबरलेली होती. पोर कामाला मागे हटत नव्हती, पण गप्प गप्प असायची, पाहुण्यासारखी अंग चोरून बसायची. ओटीवर खरकटे डबे दिसले, तेवढीच मदत म्हणून तिने ते घासले असणार.

"मावशी, टेन्शन कशाला घेतेस? फोन लाव ना घरी, विचारून घे," दुकानदार विनीत म्हणाला.

फोन पिशवीतच होता. पण घरोघर विचारायचं म्हणजे नव्या सुनेचा घोळ वस्तीभर करायचा, आणि कमळाबाईला वर्षभर पुरेल एवढा खुराक द्यायचा. "नको," जनी म्हणाली. "मना ठावं हाय कोनाला काय लागतं." उद्या कुणी विचारलंच तर डबे मीच धुतले म्हणून सांगायचं, हेही तिने तिथेच ठरवून टाकलं.

खरं म्हणजे तिला काहीच ठाऊक नव्हतं. डोळे मिटून ती एकेका घरात शिरली. गोदूबाईने काल गुळाचा चहा पाजला होता, म्हणजे साखर संपली. आनंदाच्या ताटातलं कालवण पिवळंफटक होतं, मिरचीपूड नसणार. कमळाबाईने तर वाटीभर तूरडाळ उसनी नेलेली, आणि ती परत यायची काही चिन्हं नव्हती. जनी सांगत गेली, विनीत भरत गेला. दामाजीचा फोन आला, "पानी उतरतंय, आटप गं!"

"आलेच," म्हणून तिने गोणीत हात घातला तर तळाशी अजून एक डबा लागला. छोटा, स्टीलचा, शिवानीने माहेराहून आणलेला. झाकणाला गुलाबी रिबिन बांधलेली.

जनीने पुन्हा डोळे मिटले. काहीच दिसेना. चूल तर तिची स्वतःचीच, पण सुनेला काय आवडतं ते तिला आठवेना, कारण तिने कधी विचारलंच नव्हतं. पानात पडेल ते पोर खायची आणि "छान झालंय" म्हणायची. साऱ्या वस्तीची भांडी पाठ असलेल्या बाईला स्वतःचीच लाज वाटली. डोळे भरून आले. तिने फोन लावला.

"शिवानी, तुझ्या डब्यात काय आनू गं?"

शिवानी म्हणाली, "काही नको आई. सगळ्यांचे डबे होते ना रांगेत, म्हणून माझापण ठेवलेला."

पदराने डोळे पुसत जनी म्हणाली, "रिकामा डबा मी परत आनत नाय. माहेरी काय खायचीस ते सांग."

"खारी. चहात बुडवून." मग पोर घाईघाईने म्हणाली, "पण राहू द्या आई, पाणी उतरेल ना! बाबा ओरडतील."

"उतरू दे पानी," जनी म्हणाली. गोणी विनीतच्या दुकानात तशीच ठेवून, तेवढा स्टीलचा डबा काखोटीला मारून ती बेकरी शोधायला निघाली.