सिंगापूरच्या पाण्यात पुण्याचा साबण

अन्याय झाला तो सिंगापुरातल्या बुकित पंजांग भागात, आमच्या फ्लॅटमध्ये राहून काम करणाऱ्या इंडोनेशियन आंटीवर. २०१४ साली, शाळेच्या जूनच्या सुट्टीतल्या पहिल्या सोमवारी, सकाळच्या चहानंतर. करणारी माझी आई. बघणारी मी, वय चौदा.

आईचे सुती परकर मशीनमध्ये जात नसत. ते आंटीने हाताने धुवायचे, पुण्याहून बॅगेत भरून आणलेल्या साबणाच्या वड्यांनी. खळबळून झाले की आई ओल्या कापडावरून बोट फिरवायची. करकरीत लागलं तर पास. इथे ते कधीच करकरीत लागायचं नाही.

"अजून बुळबुळीत आहे. अगेन."

"मॅम, फोर टाइम्स ऑलरेडी."

"मग फाइव्ह टाइम्स."

पुण्यात आमच्या सोसायटीला बोअरचं पाणी. त्यात कॅल्शियम भरपूर. साबण त्याला धरतो, त्याचा पांढरट साका होतो आणि कापडावर, बोटांवर बसतो. आईला हवा होता तो करकरीतपणा त्या साक्याचा होता, स्वच्छतेचा नव्हे. सिंगापूरचं पाणी मऊ. इथे साका जवळजवळ होतच नाही, आणि कणभर उरलेला साबणही निसरडा लागतो. शाळेत शिकवलं होतं हे.

मी एकदाच बोलले. "आई, इथलं पाणी वेगळं आहे. साबण अर्धाच लावायला सांग तिला."

"तू आधी स्वतःचे मोजे धू, मग मला शिकव."

मी खोलीत गेले, दार लावलं.

त्या सोमवारी आंटीने सातव्यांदा पिळलेला परकर आईच्या हातात दिला. तिच्या पेरांना चिरा पडल्या होत्या. परकराच्या काठावर रक्ताचा ठिपका होता. आईने तो बघून, आंटीला कामाला पाठवणाऱ्या एजन्सीला फोन केला. दुपारी त्यांचा माणूस फॉर्म घेऊन आला. परत पाठवण्याचं कारण या रकान्यात आईने इंग्रजीत, सुवाच्य अक्षरात लिहिलं: अस्वच्छ. पुढचं घर तिला घेणार की नाही, ते हाच फॉर्म वाचून ठरवणार होतं.

आंटीने चपला घातल्या. "स्टडी हार्ड हां, गर्ल," म्हणाली. मी टीव्ही बघत होते. काही वाटल्याचं आठवत नाही. आता मी घरकाम करणाऱ्या बायकांच्या हक्कांची पत्रकं लिहिते, चौकात उभी राहून वाटते. त्या दुपारबद्दल मात्र अजूनही आत काही हलत नाही.

तुमच्या घरी कामाला बाई असेल, तर ‘अस्वच्छ’ हा शब्द लिहिण्याआधी तेच कापड, तोच साबण आणि इथलं पाणी घेऊन स्वतः धुवा. आधीच लिहून बसला असाल, तर आज एजन्सीला फोन करा आणि तो खोडायला लावा.